थोरलीचे गार हात

थोरलीचे हात गार होते. यात काय मोठं सांगायचं, असं कुणी म्हणेल. पण कुणाचं पोट गळ्यावर चालतं, कुणाचं खांद्याच्या जोरावर, तसं थोरलीचं पोट त्या दोन गार हातांवर चाललं होतं. आणि तेही कसंबसं नाही, चांगलं मानानं चाललं होतं.

लहानपणी घरात या हातांचा सगळ्यांना वैताग. मागून येऊन कुणाच्या मानेला हात लावला की ते माणूस घर डोक्यावर घ्यायचं. "अगं मेले, जीव घेशील एखाद्याचा!" असं आई ओरडायची, आणि त्याच आईला ताप चढला की "ये गं, जरा कपाळावर हात ठेव" म्हणून हिलाच हाक. लग्नात नवऱ्यानं पहिल्यांदा हात हातात घेतला तर तो बिचारा घाबरलाच. कानाशी येऊन म्हणाला, "बरं वाटत नाहीये का? आधी डॉक्टरकडे जायचं का?" चारचौघांत ती फिसकन हसली, आणि तिथंच तिला तो आवडून गेला.

कामाला लागली तीही या हातांमुळेच. गावातल्या एका जुन्या, लहानशा कारखान्यात हातानं चॉकलेटं बनवत. तिथले म्हातारे मालक कामाला आलेल्या मुलीला शिक्षण विचारायचे नाहीत की अनुभव विचारायचे नाहीत. समोर बसवायचे, तिचा हात आपल्या हातात धरायचे आणि गप्प बसायचे. आता हे ऐकून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण मालकांची बायको शेजारीच असायची आणि दुसरा हात ती धरायची. धरलेला हात थोड्या वेळानं गरम झाला की मुलगी खोकी भरायला. गारच राहिला की दगडावर. थोरलीचा हात त्यांनी बराच वेळ धरून ठेवला, मग बायकोकडे बघून म्हणाले, "सापडली."

दगड म्हणजे संगमरवराचा दगड, टेबलाएवढा. थंड खोलीत असे दोन दगड होते. वितळलेलं चॉकलेट दगडावर ओतायचं आणि हातानं पसरायचं, गोळा करायचं, पुन्हा पसरायचं. थेंबभर खालच्या ओठाला लावून बघायचं. ओठाला ना गरम ना गार लागलं की जमलं. मग आतल्या सारणाचा गोळा त्यात घोळवायचा, कागदावर ठेवायचा आणि वरून बोट उचलताना त्याला एक बारीकशी शेपटी काढायची. हात जरा गरम असला की सगळं बिघडतं. त्या दिवशी काही दिसत नाही, चॉकलेट कसं छान चकचकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर वर करडी पांढरट झाक. कारखान्यात त्याला 'राख बसली' म्हणत. राख बसलेलं चॉकलेट कुणी तोंडात घालत नाही.

दुसऱ्या दगडावर होती धाकटी. वयानं ही थोरलीपेक्षा मोठी, पण कामाला नंतर लागली म्हणून धाकटी. यावरून सुरुवातीला कारखान्यात खूप हशा झाला, मग सगळ्यांना सवय झाली, आणि या दोघींची खरी नावं पगाराच्या दिवशी ऐकली की लोक दचकायचे. दोघी वर्षानुवर्षं समोरासमोर बसल्या, पण एकमेकींना 'अहो-जाहो' करत. भांडण नव्हतं. पण जिव्हाळा? छे! थोरलीची शेपटी डावीकडे वळायची, धाकटीची उजवीकडे, आणि कुणाची जास्त डौलदार यावर दोघींच्या मनात कायम एक मूक स्पर्धा चालायची. खोलीत एकच कडक नियम होता. दुसरीच्या दगडावर हात घालायचा नाही. चॉकलेटला एका हाताची सवय होते, मध्येच दुसरा हात पडला की ते रुसतं, असं म्हातारे मालक सांगून गेले होते. साधा चमचासुद्धा त्या दोघींनी कधी एकमेकींच्या दगडावर टेकवला नव्हता.

आणि अशा या थोरलीची पाळी गेली, आणि भट्टी सुरू झाली.

भट्टी हा तिचाच शब्द. बसल्याबसल्या छातीत काहीतरी पेटायचं, गळ्यापर्यंत यायचं, कान लाल, कपाळावर घामाचे थेंब, आणि हात? हात असे तापायचे की तिचे तिलाच ओळखू यायचे नाहीत. घरी पंख्यावरून रोज कटकट. नवरा दोन पांघरुणं घेऊन कुडकुडतोय आणि ही खिडकी सताड उघडून उभी. त्यानं काळजीनं पाठीवर हात ठेवला की ही खेकसायची, "हात नका लावू हो!" तो मुकाट हात काढून घ्यायचा. नंतर हिला इतकं वाईट वाटायचं की रडू यायचं, आणि रडलं की पुन्हा भट्टी. नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. पूर्वी एकदा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या तुम्हाला नकोत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

कारखान्यात ती कुणाला काही बोलली नाही. भट्टी पेटली की "जरा आलेच" म्हणून बाहेर पळायची, नळाखाली हात धरायची, कोरडे करून परत यायची. तोवर दगडावरचं चॉकलेट घट्ट व्हायला लागलेलं असायचं. एकदा घाईत हात नीट पुसलेच नाहीत, आणि ओले हात तसेच घातले. चॉकलेटला पाण्याचं वावडं. क्षणात दगडभर चॉकलेटचा खरबरीत चोथा झाला. पहिल्या दिवशी कामाला आलेली पोरगीसुद्धा असं करत नाही. थोरलीनं तो चोथा मुकाट्यानं खरवडून काढला, आणि समोर धाकटी खाली मान घालून आपलं काम करत राहिली. हिनं पाहिलं का नाही, या विचारानं थोरलीला दिवसभर घास गेला नाही.

अशातच बाईंनी दोघींना बोलावलं. बाई म्हणजे मालकांची मुलगी, आता कारखाना तीच बघते. सरळ बोलणारी बाई, गोड बोलून गळा कापणारी नव्हे. ती म्हणाली, "सारणावर चॉकलेट चढवायचं मशीन घेतलंय. ते ठेवायला थंड खोलीतच जागा लागणार. दगड एकच राहील. एक जण दगडावर, एक जण खोकी भरायला. पगार तोच. या महिन्याअखेरीला दोघींनी एकेक ट्रे भरा. दुसऱ्या दिवशी बघू, कुणाच्या ट्रेवर राख बसत नाही ते."

पगार तोच! थोरली घरी येऊन पायरीवरच बसली. नवरा म्हणाला, "पगार तोच आहे ना, मग?" ती म्हणाली, "अहो, मी खोकी भरणार? या हातांनी?" आणि हात त्याच्यापुढे धरले. त्यानं ते हातात घ्यायला आपले हात पुढे केले, मग आठवून मागे घेतले. ते बघून तिला हुंदकाच फुटला.

नवरा शाळेची बस चालवायचा. त्याच्या रोजच्या रस्त्यावर एक पाटी होती, 'अ‍ॅक्युपंक्चर'. दुसऱ्या दिवशी बस लावून तो आत गेला, चौकशी करून आला आणि म्हणाला, "या त्रासावर सुया टोचतात म्हणे. येतेस का?"

"सुया? मी काय उशी आहे?"

"मी येतो ना बरोबर."

हे म्हणणारा माणूस असा, की रक्त तपासायला गेला तर नर्सनं याला आधी आडवं करून ठेवावं. पण गेला खरा. सुईवाल्या डॉक्टरीण बाई सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांनी जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली, झोप कशी, भूक कशी, गुठळी कधी झाली होती, कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "हे बघा, ही जादू नाही. कुणाच्या गरम वाफा कमी होतात, कुणाची नुसती झोप सुधारते, कुणाला काहीच होत नाही. सुयांमुळे की नुसतं शांत पडून राहिल्यामुळे, यावर शिकलेल्या माणसांचंही एकमत नाही. काही आठवडे करून बघू. चालेल?" थोरलीला हे बोलणं आवडलं. तिनं मान हलवली. डॉक्टरीण बाईंनी पहिली सुई काढली, केसासारखी बारीक, घोट्याच्या वर टेकवली आणि वरून हलकेच टिचकी मारली. थोरलीला काही विशेष कळलं नाही. तेवढ्यात मागं धप्पकन आवाज झाला. नवरा खुर्चीवरून खाली.

त्याला पाणीबिणी देऊन बाहेर बसवलं. त्यानंतर तो दर खेपेला यायचा, पण बाहेरच, आणि दाराकडे पाठ करून.

सुया मनगटाजवळ, पायावर, कानाला, एक टाळूवर. टोचल्यापेक्षा आत काहीतरी जड होऊन बसल्यासारखं वाटायचं. पडदा ओढून डॉक्टरीण बाई निघून जायच्या, जाताना सांगायच्या, "आता हलायचं नाही." भर दिवसा अशी स्वस्थ पडून राहायची थोरलीची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. बाळंतपणातसुद्धा कुणी तिला असं पडू दिलं नव्हतं. आणि तिसऱ्या का चौथ्या खेपेला, पडल्यापडल्याच भट्टी पेटली. उठता येईना, पळता येईना, नळ नाही, खिडकी नाही. ती गप्प पडून राहिली. छातीतून गळ्यात, गळ्यातून कानात आली, जरा थांबली, आणि गेली की! इतके दिवस ती नुसती पळतच होती. भट्टी जाताना कशी जाते, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. कोरड पडलेल्या घशानं ती एकटीच हसली.

गुण आला म्हणावा तर आला, नाही म्हणावा तर नाही. भट्टी थांबली नाही, पण पूर्वीसारखी उठसूट पेटेना. झोप मात्र लागायला लागली. एकदा सकाळी उठून बघते तर नवऱ्याचा हात तिच्या हातावर पडलेला, आणि तो तसाच राहिलेला. ती मुद्दाम हलली नाही. स्वयंपाकाला उशीर झाला, होऊ दे.

महिनाअखेर जवळ आली. ट्रेच्या आदल्या आठवड्यात ती सुया लावून पडली होती, आणि तिला चॉकलेटचा वास आला. यात नवल नव्हतं, तिच्या अंगाला तो वास कायमचाच होता. पण हा वास पलीकडून येत होता. पडद्यापलीकडच्या खाटेवर कुणीतरी मोठा सुस्कारा टाकला. तो सुस्कारा थोरलीनं वर्षानुवर्षं समोरून ऐकला होता.

"अहो," थोरली हळूच म्हणाली. "धाकट्या?"

पलीकडून आवाज आला, "अगंबाई! थोरल्या, तुम्ही?"

दोघी उठायला गेल्या आणि दोघी एकदमच "आई गं" म्हणाल्या. बाहेरून डॉक्टरीण बाईंचा आवाज आला, "हलू नका!" मग दोघी छताकडे बघत पडून राहिल्या. पळून जायची सोय नव्हती.

"कधीपासून येताय?" थोरलीनं विचारलं.

"झाले दिवस. माझी पाळी गेली लवकरच, पण हा वणवा काही विझता विझेना. इतकी वर्षं झाली."

"इतकी वर्षं? आणि मला पत्ता नाही?"

"तुमचे हात गार, तुमची शेपटी सुरेख. तुम्हाला कशी सांगणार? त्या दिवशी तुमचा चोथा झाला ना, तेव्हा मला कळलं. आणि खरं सांगू? आधी मला बरं वाटलं. मग घरी जाऊन स्वतःचाच राग आला."

थोरलीनं विचारलं, "सुयांनी काही फरक?"

"तुमच्याएवढा नसावा. मी बघते ना, तुमचं बाहेर पळणं कमी झालंय. माझं नाही." पलीकडून पुन्हा सुस्कारा आला. "म्हणजे दगड तुमचाच. खोकी तर खोकी. पण घरी मला कोणी नाही हो. दिवसभर दगडावर हात फिरतो, तेवढंच काय ते माझं कुणाशी बोलणं."

थोरलीनं घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. तो भांडी विसळत होता. "तिला जास्त त्रास होतोय, हे कारखान्याच्या बाईंना माहीत आहे?" त्यानं विचारलं. "नाही." "तू सांगणार?" "काय बोलता तुम्ही!" ती उसळली. पण उसळण्याआधी पळभर तो विचार तिच्याही मनात येऊन गेला होता, आणि त्याची तिला लाज वाटली.

ट्रेचा दिवस उजाडला. दोघी दगडापाशी बसल्या. बाई चष्मा पुसत दाराशी उभी. दोघींच्या दगडांवर चॉकलेट ओतलं गेलं आणि काम सुरू झालं. थोरलीचा हात त्या दिवशी असा काही बसला होता की काय सांगू. चॉकलेट नुसतं म्हणेल तसं वळत होतं, आणि डावीकडच्या शेपट्यांची रांग कशी एकसारखी निघत होती. निम्मा ट्रे भरला. मग तिनं वर बघितलं.

धाकटीचे कान लाल झाले होते. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. तिनं हात दगडावरून उचलून हवेत धरले होते, आणि ती डोळे मिटून बसली होती. तिच्यापुढचं चॉकलेट कडेनं घट्ट व्हायला लागलं होतं. आणखी थोडा वेळ, आणि मग ट्रे गेला.

आता थोरलीनं काहीच करायचं नव्हतं. नुसती मान खाली घालायची होती, आणि दगड तिचा होता. कुणी तिला नावं ठेवली नसती. उलट नियमच तसा होता.

ती उठली, दगडाला वळसा घालून गेली, आणि धाकटीच्या दगडावर हात घातला.

"अहो, काय करताय!" धाकटी दचकून म्हणाली.

"गप्प बस. हलू नकोस," थोरली म्हणाली. "आली तशी जाईल. जाऊ दे तिला. तोवर मी बघते."

अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. थोरलीचे हात चॉकलेट पसरत होते, गोळा करत होते, पुन्हा पसरत होते. ते रुसलं नाही की बिघडलं नाही. गोळे घोळवून ती कागदावर ठेवत गेली, आणि शेपट्या मुद्दाम उजवीकडे काढायला गेली तर त्या इतक्या वेड्याविद्र्या आल्या की धाकटीला त्या हालातही हसू फुटलं.

"हे काय चाललंय?" बाई पुढे आली.

थोरलीनं हात थांबवले नाहीत. "बाई, स्पष्टच सांगते. आमची दोघींची पाळी गेलीये आणि दोघींच्या अंगात भट्टी पेटते. म्हणून आम्ही बाहेर पळत होतो, आणि बिघडलेलं चॉकलेट तुमच्यापासून लपवत होतो. सुया टोचून घेतो आम्ही दोघी. मला जरा उतार आहे, हिला कमी आहे. उद्या उलटंही होईल. एकटीचा ट्रे बघायचा असेल तर दोघींनाही खोकी भरायला पाठवा. मी एकटी बसणार नाही."

बाईला बोलायला सवडच मिळाली नाही, कारण एवढं बोलण्याच्या भरात थोरलीचीच भट्टी पेटली. तिनं हात वर उचलले. तोवर धाकटी निवली होती. ती उठली, थोरलीच्या दगडाशी गेली आणि न विचारता कामाला लागली. बाई दोघींकडे बघत उभी राहिली, मग दार ओढून घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही ट्रे बाईच्या टेबलावर होते. दोघी हात पदरात गुंडाळून उभ्या. बाईनं चष्मा लावून एकेक चॉकलेट उजेडात धरून बघितलं. एकीकडे डाव्या शेपट्यांत उजव्या, दुसरीकडे उजव्यांत काही वेड्याविद्र्या. राख कशावरच नव्हती. बाईनं एक चॉकलेट मोडलं, टक्कन मोडलं. अर्धं तिनं खाल्लं.

"दगड एकच राहील," ती म्हणाली. "मी शब्द फिरवत नाही."

धाकटीनं मान खाली घातली.

"मोठा असेल तो ठेवा आणि ओढून खोलीच्या मधोमध घ्या," बाई म्हणाली. "दोन्ही बाजूंनी बसता आलं पाहिजे. खोकी भरायला मी दुसरं कुणीतरी बघते." आणि उरलेलं अर्धं तिनं दोघींच्या मध्ये ठेवलं.

एका दगडावर दोघी बसल्या त्या पहिल्या सकाळी थोरलीला यायला जरा उशीर झाला. धाकटीनं चॉकलेट ओतून पसरायला घेतलं होतं. "ये गं," ती म्हणाली, आणि बाजूला सरकली. थोरलीनं बाह्या वर केल्या आणि हात घातला. चॉकलेटला धाकटीच्या हातांची ऊब लागली होती. ऊब म्हणजे राख, म्हणून ती लागली की हात झटकन मागं घ्यायचा, ही थोरलीची इतक्या वर्षांची सवय. तिनं हात मागं घेतला नाही.